सरकारी हमीची दामदुप्पट कितपत लाभदायक?

प्रश्न : मी ६२ वर्षांचा असून खासगी कारखान्यातून निवृत्त झालो आहे. प्रॉव्हिडंट फंड व ग्रॅच्युइटी मिळून २० लाख रुपये हाती आहेत. निवृत्तिवेतन मात्र तुटपुंजे आहे. पोस्टाच्या एका ओळखीच्या एजंटांनी सर्व रक्कम किसान विकास पत्रात ठेवण्याचा सल्ला दिला आहे. सरकारची हमी आहे आणि पैसे दुप्पट होतात, असे ते सांगतात. माझ्या वडिलांनी १९९० च्या सुमारास याच पत्रांत पैसे ठेवले होते व ते साडेपाच वर्षांत दुप्पट झाले होते. हा परतावा खरोखर चांगला म्हणता येईल का?

उत्तर : आपल्या पैशाच्या सुरक्षिततेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंतच विम्याचे संरक्षण असते; पोस्टाच्या अल्पबचत योजनांमागे मात्र संपूर्ण रकमेसाठी केंद्र सरकार उभे असते. परंतु ठरलेले रुपये परत मिळतील एवढेच ही हमी सांगते. त्या रुपयांत पुढे काय विकत घेता येईल, हे आपणच मोजून पाहावे लागते.

‘दुप्पट’ हा शब्द ऐकला की प्रथम किती काळात, हे विचारावे. ७२ या आकड्याला वर्षांनी भागले की वार्षिक चक्रवाढ दर साधारणपणे कळतो. आपल्या वडिलांच्या वेळी, म्हणजे १९८८ मध्ये सुरू झालेल्या मूळ योजनेत, साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट होत असे. तो दर १३ टक्क्यांहून अधिक पडत होता. मात्र १९९० नंतरच्या एक-दोन वर्षांत महागाईही दोन आकडी झाली होती, हे विसरता कामा नये. ही योजना २०११ मध्ये बंद झाली, २०१४ मध्ये पुन्हा आली आणि २०२५ मध्ये तिचा दर ७.५ टक्के होता. या दराने दुप्पट होण्यास ११५ महिने, म्हणजे ९ वर्षे ७ महिने लागतात.

आता आपलेच २० लाख घेऊ. महागाई सरासरी ५ टक्के राहिली, तर मुदतीअखेर हाती येणाऱ्या ४० लाखांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे २५ लाखांएवढी असेल. महागाई ६ टक्के राहिली, तर ती २३ लाखांच्याही किंचित खालीच राहील. म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ पैसे अडकवून खरी वाढ तीन ते पाच लाखांची होते. मी हिला वाईट म्हणणार नाही, कारण मुद्दल अबाधित ठेवून महागाईच्या पुढे राहणे हेही थोडे नाही. पण ‘दुप्पट’ या शब्दाने मनात जे चित्र उभे राहते, त्याच्या जवळपासही ती जात नाही.

कराचा भाग तर याहून महत्त्वाचा आहे आणि गुंतवणूक करताना नेमका तोच सांगायचा राहून जातो. किसान विकास पत्राचे व्याज पूर्णपणे करपात्र आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, म्हणून आपण निश्चिंत असाल. परंतु २० लाखांचे सगळे व्याज मुदत संपल्यावर एकाच वर्षात दाखवले, तर ते ही मर्यादा ओलांडेल आणि दुसरे काहीही उत्पन्न नसले तरी याच दरांनी २ लाखांहून अधिक कर भरावा लागेल. हेच व्याज दरवर्षी जमा होईल तसे विवरणपत्रात दाखवत गेल्यास आपल्या उत्पन्नात हा भार बहुधा येणारच नाही. तेव्हा पत्रे घ्यायचीच असतील, तर पहिल्या वर्षापासून करसल्लागाराच्या मदतीने हा मार्ग धरावा.

तरीही आपण एजंटांचा सल्ला मानू नये असेच मी म्हणेन. एखाद्या सरकारी योजनेची तुलना त्याच हमीच्या दुसऱ्या योजनेशी केली पाहिजे. आपले वय साठीपुढचे असल्याने ज्येष्ठ नागरिक बचत योजना आपल्याला खुली आहे; तिथे ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, मुदत पाच वर्षांची आहे आणि २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता. २० लाखांवर दर तिमाहीला ४१,००० रुपये खात्यात येतील. निवृत्तिवेतन तुटपुंजे असलेल्या घरात हे नियमित उत्पन्न दहा वर्षांनी मिळणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. किसान विकास पत्र मध्येच मोडायचे झाले, तर मृत्यूसारखे अपवाद सोडता पहिली अडीच वर्षे ते शक्य नसते. ज्येष्ठ नागरिक योजनेतून आधी बाहेर पडता येते. मात्र वर्षाच्या आत खाते बंद केल्यास व्याज मिळत नाही आणि त्यानंतर मुदलातून एक ते दीड टक्का कापला जातो.

एजंटांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचे नाही. परंतु ज्येष्ठ नागरिक योजनेवरील त्यांचे कमिशन डिसेंबर २०११ पासून बंद आहे, हे वाचकांना ठाऊक असावे. त्यामुळे ही योजना आपणहून सुचवली जाईल, अशी अपेक्षा न ठेवता पोस्टात किंवा बँकेत स्वतः विचारणा करावी.

दर तिमाहीला फेरविचार होत असल्याने खाते उघडण्याच्या दिवशीचा दर पाहून घ्यावा. एकदा पैसे भरले की तो दर पाच वर्षे बदलत नाही. औषधपाण्यासाठी दोन-तीन लाख बँकेतच हाताशी ठेवावेत आणि उरलेली रक्कम या योजनेत भरावी. हे खाते संयुक्तपणे उघडायचे असल्यास ते केवळ पती-पत्नीलाच उघडता येते. आपल्या पत्नी हयात असतील, तर अर्ज भरतानाच त्यांचे नाव घालावे, म्हणजे आपल्या पश्चात नियमांच्या अटी पूर्ण होत असल्यास त्यांना ते मुदतीपर्यंत पुढे चालवता येईल.