व्यायाम कामाचा कोणता? वाचकांच्या प्रश्नांना फिजिओथेरपिस्टची उत्तरे

‘जिममध्ये नेमकं काय करू?’ हा प्रश्न सतत येतो. त्याच्या जोडीला मित्राचं एक मत, ट्रेनरचं दुसरं आणि रीलमधलं तिसरं. गोंधळ तोच असल्यामुळे या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : बायसेप्सचे बारा प्रकार मोबाइलवर सेव्ह केले आहेत. सगळे करावेत का? (वय २३, नाशिक)

नाही. एखादा कर्ल पुरे. पुल-अप आणि रोइंग नीट करत असाल तर दंडाला तिथेही भरपूर काम मिळतं.

प्रश्न : स्मिथ मशीन (ठरलेल्या रुळांवर वर-खाली सरकणारा बार) चांगलं की मोकळा बार? (वय २८, ठाणे)

ताकद दोन्हींनी वाढते. तोल सांभाळायची सवय मात्र मोकळ्या वजनानेच होते. खांद्याची जुनी दुखापत असेल तर आधी दाखवून घ्या.

प्रश्न : मित्र म्हणतात, लेग एक्स्टेंशन (मशीनवर बसून गुडघा सरळ करत वजन उचलणं) म्हणजे वेळ फुकट, खरा व्यायाम स्क्वॉटच (खांद्यावर वजन घेऊन बसून उठणं). खरं आहे का? (वय २६, छत्रपती संभाजीनगर)

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू पुन्हा तयार करायला आम्ही लेग एक्स्टेंशनच वापरतो, ठरावीक कोनात आणि बेताच्या वजनाने. त्यामुळे फुकट कसं म्हणणार? व्यायाम न दुखता पूर्ण पल्ल्यात होत असेल आणि महिन्यागणिक वजन किंवा आवर्तनं थोडी थोडी वाढवता येत असतील तर तो कामाचा. आठवड्याभरात ढकलणं, ओढणं, बसून उठणं आणि खुब्यातून वाकून उचलणं या चार हालचाली झाल्या की पाया झाला. बाकीचं आवडीनुसार करा. दर आठवड्याला व्यायाम बदलून ‘मसलला शॉक’ देण्याची गरज नाही. सारखं बदलत राहिलात तर ताकद वाढली की नाही, हेच कळत नाही.

प्रश्न : डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार वाकून उचलत उभं राहणं) सुरू करून चार महिने झाले. गेल्या महिन्यात उसण भरली, आता डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या येतात. ट्रेनर म्हणतो, बेल्ट लाव, करत राहा, नस मोकळी होईल. एमआरआय काढला, शेजारचे म्हणतात मणक्यात गॅप आलाय. डेडलिफ्ट कायमचा सोडू का? (वय ३१, हिंजवडी)

कायमचा सोडायची वेळ बहुधा येणार नाही. आज मात्र थांबवा.

‘गॅप’ हा शब्द आधी डोक्यातून काढा. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. ती फुगते किंवा तिच्यातला गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला त्रास होतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या मंडळींच्या एमआरआयमध्येही साधारण ३० टक्क्यांना चकतीचा फुगवटा दिसतो. म्हणून नुसत्या रिपोर्टवर काही ठरत नाही. हाताने तपासावं लागतं, आणि तुम्हाला अजून कोणी तपासलेलं दिसत नाही.

मला काळजी आहे ती तुमच्या मुंग्यांची आणि गेलेल्या महिन्याची. स्नायू आखडला तर कंबर दुखते, पण पोटरीत मुंग्या येत नाहीत. मुंग्या म्हणजे नस कुरकुरते आहे. बेल्टमुळे पोटातला दाब वाढून आधार मिळतो, दाबलेली नस मोकळी होत नाही. वेदनाशामक गोळी खाऊन वजन उचलणं तर त्याहून वाईट, कारण थांबण्याची खूणच पुसली जाते. आमच्याकडे अशी मुलं येतात. टाचांवर चालायला सांगितलं की एक चवडा उचलला जात नाही, फटकन जमिनीवर आपटतो. अंगठा वर करायला सांगावा तर थरथरतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘बरं होईल म्हणून अंगावर काढलं.’ मधल्या काळात कोणी नस बसवणाऱ्याकडे कंबर कडकड मोडून घेतलेली असते, कोणी हजारो रुपयांचं मणक्याचं पॅकेज तपासणीशिवाय विकत घेतलेलं असतं.

पायातली ताकद कमी झाली, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मणक्याच्या सर्जनकडे लगेच जा. लघवी अडकली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीचा भाग बधिर झाला, तर त्याच रात्री इस्पितळ गाठा. तिथे तास मोजले जातात.

यातलं काही नसेल तर बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत विनाशस्त्रक्रिया कमी होतो. मग हलक्या वजनाने, उंचावर ठेवलेल्या बारपासून परत सुरुवात करता येते. शेवटची दोन आवर्तनं कोणाला तरी बाजूने चित्रित करायला सांगा. बार नडगीपासून लांब गेला आणि कंबर गोल झाली, की सेट तिथेच संपला. पण हे सगळं तपासणीनंतर. या आठवड्यातच वेळ घ्या.

प्रश्न : तालमीत जोर-बैठका मारतो. जिम लावायलाच हवी का? (वय १९, कोल्हापूर)

लावायलाच हवी असं नाही. जोर मारताना छाती, खांदे, दंड कामाला लागतात, बैठकीत मांड्या. ओढण्याचं काम राहतं, ते दोर चढण्याने भरून निघतं. मात्र पाचशे बैठकांनी दमसास वाढतो, तेवढ्या प्रमाणात ताकद वाढत नाही. त्यासाठी भार वाढवावा लागतो. वस्तादांच्या देखरेखीखाली पाठीवर जोडीदार घ्या. गुडघ्यावर सूज असेल तर आधी तपासणी.

प्रश्न : रोज तासभर चालते, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आहे. वजन उचलू का? वाकायची भीती वाटते. (वय ५६, डोंबिवली)

चालणं सोडू नका, पण ते पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगते. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीवर जोर, इथून सुरुवात होते. मात्र पाठ गोल करून वाकणं, क्रंचेस (उताणं झोपून खांदे वर उचलणं) आणि झटक्याने कंबर पिळणं टाळा, ठिसूळ मणका त्यात दबू शकतो. अस्थिघनतेचा रिपोर्ट घेऊन एकदा प्रत्यक्ष या.

प्रश्न : क्रंचेसने पोट कमी होईल? (वय ४०, सोलापूर)

नाही. पोटाचे स्नायू बळकट होतील, चरबी तिथलीच वेचून जळत नाही.

प्रश्न : जिममध्ये पावडर घ्यायचा आग्रह होतो. एक जण ‘पंप’ येण्यासाठी, म्हणजे स्नायू फुगलेले दिसण्यासाठी, इंजेक्शनही देतो म्हणतो. (वय २२, पिंपरी)

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळायला सांगितलं आहे. डाळी, उसळी, दूध, अंडी आधी नीट खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

इंजेक्शनला स्पष्ट नकार द्या. जिममध्ये गैरवापर होणारं मेफेंटरमाइन हे भूल दिलेल्या रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. ते टोचून तुम्ही स्क्वॉटला उभे राहिलात, तर रक्तदाब आणि हृदयाची धडधड दोन्हीकडून चढते. घेऊन झालं असेल आणि छातीत धडधडत असेल, तर ट्रेनरला फोन करू नका. जवळच्या इस्पितळात जाऊन ईसीजी काढा आणि काय टोचलं ते डॉक्टरांना खरं सांगा.