मोनेरोने पैसे द्यायला सुरुवात करताय? आधी एवढंच करा

स्वागत! मोनेरो म्हणजे बिटकॉइनसारखंच डिजिटल चलन, पण व्यवहार खाजगी ठेवणारं. त्यामागचं रिंग सिग्नेचरचं (देणारा कोण हे लपवणाऱ्या सहीचं) गणित आत्ता डोक्यात घेऊ नका. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार कुणालाही उघडून बघता येतो. मोनेरोत तुमचं नाणं इतर १५ नाण्यांत मिसळलेलं दिसतं, रक्कम झाकलेली असते आणि घेणाऱ्यासाठी दर वेळी नवा पत्ता तयार होतो. सुरुवातीला इतकं कळलं तरी पुरे.

पहिलं काम म्हणजे वॉलेट (मोनेरो ठेवायचं अॅप) उघडताना ते परत मिळवण्यासाठी जे शब्द दाखवतं (बहुतेक वेळा २५), ते कागदावर लिहा. स्क्रीनशॉट अजिबात नको. मग अगदी थोडी रक्कम टाका, वॉलेट पुसून टाका आणि त्या शब्दांवरून पुन्हा उभं करून बघा. हे जमलं की निम्मी भीती जाते, खरंच.

नवखे हमखास अडकतात ते इथे: एकदा पैसे दिले आणि लगेच दुसरीकडे द्यायला गेलं, तर शिल्लक 'लॉक' दिसते. पैसे कुठेही गेलेले नसतात. मोठी नोट मोडल्यावर सुटे परत येतात, तसंच हे. फक्त ते सुटे १० ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे) होईपर्यंत, म्हणजे साधारण २० मिनिटं, वापरता येत नाहीत. म्हणून आधीच स्वतःला तीन-चार लहान रकमा पाठवून ठेवा, म्हणजे एक अडकली तरी दुसरी वापरता येते.

आणखी दोन चुका टाळा:
- सगळी बचत यात घालू नका. भाव बराच खाली-वर होतो.
- ओळखपत्र देऊन एक्स्चेंजवर (अशी चलनं विकत मिळणाऱ्या साइटवर) मोनेरो घेतलंत, तर खरेदीची नोंद तिथे राहतेच. कराचे नियमही लागू होतात, ते आधी वाचा.

स्वतःचा नोड (मोनेरोच्या नेटवर्कला जोडलेला आपला संगणक) वगैरे नंतर बघू. आधी दोन-चार छोटी पेमेंट करा, अडलं तर विचारा.