संडे स्कूलच्या नव्या शिक्षिकेला

जूनपासून तू लहान मुलांचा वर्ग घेणार, फार बरं वाटलं. गाणी, गोष्टी जमतील हळूहळू. आधी हे ऐक.

कुणी आपल्याशी लैंगिक गैरवर्तन केलं असं एखादं मूल सांगू लागलं तर मध्ये तोडू नकोस, खोदून विचारू नकोस. 'तू सांगितलंस ते चांगलं केलंस' एवढं म्हण. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नकोस, कारण सांगावंच लागतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार असा प्रकार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, चर्चच्या पाळकांवरही, पंचांवरही. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केलास तरी मदत मिळते. पोलीस मुलाचा जबाब गणवेशाशिवाय घेतात, शक्यतो महिला अधिकारी, मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे. हे पालकांना सांग, निम्मी भीती जाते.

कुणीतरी म्हणेलच, 'आपल्या चर्चच्या मंडळीची अब्रू जाईल, क्षमा करायला शिकवलंय ना?' डगमगू नकोस. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधलेली बरी, असं प्रभूच म्हणाला (मत्तय 18:6). क्षमेच्या नावाखाली मुलाला गप्प बसवणं हे पाप आहे, मी तरी तसंच मानते.

आणि वर्गाचं दार उघडं ठेव, सोबत दुसरी शिक्षिका असू दे.