आर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डचा बूटलोडर पुसला गेलाय. जवळ फक्त एक युनो (दुसरा आर्डुइनो बोर्ड) आहे. मूळ बूटलोडर परत टाकता येईल का?

येईल. वेगळा प्रोग्रामर (चिपमध्ये थेट प्रोग्राम लिहिणारं उपकरण) विकत घ्यायची गरज नाही. युनो, सहा जंपर वायर आणि १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर एवढ्यावर काम होतं.

तुम्ही लिहिलंय की लॅबमधल्या प्रोग्रामरने नॅनोवर थेट स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) टाकलं, ते नीट चालतंय, पण तेव्हापासून यूएसबीवरून अपलोड करताना 'नॉट इन सिंक' येतं. बूटलोडर गेल्याचं हे नेमकं लक्षण आहे. बूटलोडर म्हणजे यूएसबीवरून आलेलं स्केच चिपमध्ये लिहिणारा, फ्लॅश मेमरीच्या शेवटच्या टोकाला बसलेला छोटा प्रोग्राम. प्रोग्रामर स्केच टाकण्याआधी अख्खी चिप पुसतो, त्यात तोही जातो. तरी स्केच चालतं, कारण रिसेटनंतर चिप बूटलोडरच्या रिकाम्या जागेतून पुढे सरकत मेमरीच्या शेवटाला पोहोचते आणि तिथून फिरून शून्य पत्त्यावर, म्हणजे तुमच्या स्केचवर येते.

तरीही वायरी जोडण्याआधी दोन मिनिटं खात्री करा. हीच चूक संदेशात दिसते आणि बूटलोडर मात्र जागेवर असतो, असं फार वेळा घडतं. आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या टूल्स मेनूत प्रोसेसर 'एटीमेगा ३२८पी (ओल्ड बूटलोडर)' करून बघा. जुना नॅनो बूटलोडर ५७६०० बॉड या सीरियल वेगावर बोलतो, नवा ११५२०० वर, आणि स्वस्त नॅनोंवर अजूनही बऱ्याचदा जुनाच असतो. मग यूएसबीची बाजू तपासा: नॅनोची आरएसटी (रिसेट) पिन जीएनडीला (ग्राउंड) जोडा, डी० आणि डी१ एकमेकांना जोडा, सीरियल मॉनिटर उघडून काहीही टाइप करून पाठवा. तीच अक्षरं परत आली तर केबल, ड्रायव्हर आणि नॅनोवरची सीएच३४० ही यूएसबी चिप ठीक आहेत. परत आली नाहीत तर बिघाड तिथेच आहे. बूटलोडर कितीही वेळा टाकला तरी फरक पडणार नाही.

आता युनोला प्रोग्रामर करूया. युनो एकटाच संगणकाला जोडा, फाइल मेनूतल्या एक्झाम्पल्समधून 'आर्डुइनोआयएसपी' हे स्केच उघडा आणि नेहमीसारखं अपलोड करा. ते झाल्यावरच युनोच्या रिसेट आणि जीएनडीमध्ये कपॅसिटर लावा. लांब पाय रिसेटला, पट्टीचा पाय जीएनडीला. सीरियल पोर्ट उघडला की युनो स्वतः रिसेट होतो आणि त्याचाच बूटलोडर उत्तर द्यायला पुढे येतो. कपॅसिटर ते रिसेट थोपवतो. आधीच लावलात तर त्याच कारणाने आयएसपीचं स्केचसुद्धा अपलोड होणार नाही.

जोडणी अशी: युनोचा ५ व्होल्ट नॅनोच्या ५ व्होल्टला (व्हीआयएनला नाही), जीएनडी जीएनडीला, युनोची १० नंबरची पिन नॅनोच्या आरएसटीला, आणि ११, १२, १३ या पिना नॅनोच्या डी११, डी१२, डी१३ ला. सरळ जोडायच्या. आरएक्स-टीएक्सच्या सवयीने बरेच जण ११ आणि १२ उलटसुलट करतात. इथे ते चालत नाही. नॅनोला वेगळी यूएसबी लावू नका. या पिनांवर एसडी कार्ड, रेडिओ मॉड्यूल वगैरे असेल तर काढून ठेवा: ते त्याच तारांवर बोलतात, आणि ३.३ व्होल्टची मॉड्यूल ५ व्होल्टने खराब होऊ शकतात.

कोणता बूटलोडर टाकायचा हे नीट ठरवा, कारण 'मूळ'च हवा असा हट्ट धरण्यात फायदा नाही. जुना बूटलोडर २ किलोबाइट जागा घेतो आणि त्यात एक खरी खोट आहे: स्केचमध्ये वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) वापरलात तर रिसेटनंतर तो वॉचडॉग बंद करत नाही, आणि बोर्ड रिसेटच्या चक्रात अडकतो. नवा बूटलोडर, ऑप्टिबूट, ५१२ बाइटमध्ये बसतो आणि वॉचडॉग नीट हाताळतो. म्हणून माझा सल्ला: बोर्ड 'युनो' निवडून ऑप्टिबूटच टाका. दोन्ही बोर्डांवर तीच चिप, तोच १६ मेगाहर्ट्झ. 'नॅनो' निवडून नवा बूटलोडर टाकलात तरी ऑप्टिबूटच जातो, पण फ्यूज (चिपच्या आतली कायमची सेटिंग) मात्र २ किलोबाइट राखून ठेवणारा राहतो. 'युनो' निवडल्यावर फ्यूज हेक्समध्ये लो एफएफ, हाय डीई, एक्स्टेंडेड एफडी असे बसतात आणि स्केचला ३०७२० ऐवजी ३२२५६ बाइट मिळतात.

पोर्ट युनोचा ठेवा. प्रोग्रामरमध्ये 'आर्डुइनो ॲज आयएसपी' निवडा. त्याच यादीत 'आर्डुइनोआयएसपी' असंही नाव दिसेल, ते एका वेगळ्या उपकरणाचं आहे. अर्धी माणसं इथेच फसतात. प्रेफरन्सेसमध्ये अपलोडचा सविस्तर संदेश चालू करा आणि 'बर्न बूटलोडर' दाबा. काही सेकंदांत चिप पुसणं, फ्यूज लिहिणं, बूटलोडर लिहिणं, त्यावर कुलूप लावणं, सगळं आपोआप होतं. ईईप्रॉमही (वीज गेली तरी आकडे जपणारी छोटी मेमरी) पुसली जाते; तिथे कॅलिब्रेशनचे आकडे साठवले असतील तर आधी उतरवून घ्या.

अडलं तर सविस्तर संदेशातली सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) बघा. ३२८पीची सिग्नेचर १ई ९५ ०एफ असते. सगळी शून्यं किंवा सगळे एफ आले तर दहात नऊ वेळा वायर सैल असते किंवा नॅनोच्या हेडर पिना सोल्डर न करता नुसत्या खुपसलेल्या असतात. १ई ९५ १६ आली तर चिप ३२८पीबी आहे. तिच्यासाठी बोर्ड मॅनेजरमधून मिनीकोर हे पॅकेज घेऊन त्यात ती चिप निवडा. सिग्नेचरपर्यंत न पोहोचताच 'नॉट इन सिंक' येत असेल तर संगणकाचं युनोशीच जुळत नाहीये: पोर्ट, प्रोग्रामरचं नाव आणि कपॅसिटर या क्रमाने तपासा.

वायरी ठणठणीत असूनही चिप गप्प असेल, आणि आधी कुणी फ्यूजशी खेळलं असेल, तर तिला घड्याळच मिळत नसण्याची शक्यता आहे. तेव्हा क्रिस्टलच्या एक्सटॅल-१ टोकाला बाहेरून काही मेगाहर्ट्झची चौकोनी लहर द्यावी लागते. तेवढ्याने चिप बोलू लागते आणि फ्यूज पुन्हा लिहिता येतात. रिसेट पिनच बंद करणारा फ्यूज बसला असेल तर १२ व्होल्टचा हाय-व्होल्टेज प्रोग्रामर लागतो. नॅनोवरच्या सोल्डर केलेल्या चिपसाठी तो खटाटोप करू नका, बोर्ड बदला.

काम झालं की डी१३ चा दिवा ठरावीक वेळाने भराभर लुकलुकू लागेल. स्केच नसल्यामुळे ऑप्टिबूट पुन्हा पुन्हा सुरू होत असतो, त्याची ती खूण. वायरी काढा, नॅनो यूएसबीला लावा, त्याचा पोर्ट निवडा आणि बोर्ड 'युनो' ठेवून ब्लिंक हे दिवा लुकलुकवणारं नमुना स्केच अपलोड करा. 'नॅनो' आणि साधा 'एटीमेगा ३२८पी' हेही चालेल, वेग तोच आहे. फक्त तिथे मर्यादा ३०७२० चीच राहील. 'ओल्ड बूटलोडर' मात्र आता निवडू नका. अपलोड सुरू होताना रिसेटचं बटण हाताने दाबलं तरच स्केच जात असेल, तर बूटलोडर ठीक आहे. यूएसबी चिपच्या डीटीआर या पिनपासून रिसेटकडे जाणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर निसटलाय किंवा त्याचं सोल्डरिंग तुटलंय, ते भिंगाखाली पाहून पुन्हा सोल्डर करा.