घराएवढा ‘कण’ आणि दाटीची लाट

कोथरूडच्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: ‘शाळेत शनीच्या कड्या दाखवणारा तक्ता लावायचा आहे. पार्टिकलला कण म्हणावं का? डेन्सिटी वेव्ह आणि बेंडिंग वेव्हला मराठीत काय म्हणावं?’

मिठाचा कण, तांदळाची कणी, कणभर साखर. आपल्या बोलण्यात कण म्हणजे चिमटीत मावणारी वस्तू. शनीच्या मुख्य कड्यांमध्ये मात्र सेंटिमीटरभरापासून सुमारे दहा मीटरपर्यंतचे तुकडे आहेत, बहुतांश पाण्याच्या बर्फाचे. दहा मीटर म्हणजे तीन मजली घर! १८५९ साली भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं गणितानं दाखवलं, की हे कडं अखंड घन असूच शकत नाही. असंख्य सुटे तुकडे आपापल्या कक्षेत फिरत असले पाहिजेत. शास्त्रज्ञांचा ‘कण’ त्या सुटेपणाला आहे, आकाराला नाही. मुलांना ते कसं कळणार? म्हणून तक्त्यावर मी ‘बर्फाच्या गारा, गोटे आणि धोंडे’ असं लिहीन. कण हा शब्द बाहेरच्या ई कड्यासाठी ठेवावा. शनीचा उपग्रह एन्सेलॅडस याच्या फटींतून उडालेला, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापाचा बर्फ तिथं पसरला आहे. त्याला तो शोभतो.

डेन्सिटी वेव्हला ‘घनता तरंग’ म्हणणं चूक नाही. पण तरंग म्हटलं की तळ्यातलं वरखाली होणारं पाणी आठवतं, आणि इथं काहीच वर उचललं जात नाही. इथं नुसती दाटी होते. पालखी पुण्यात येते तेव्हा अरुंद पुलाशी गर्दी दाटते. वारकरी पुढे निघून जातात, मागून दुसरे येतात, पण दाटी असतेच. कड्यातही तसंच: धोंडे दाटीत शिरतात, बाहेर पडतात, दाटीचा आकार टिकून राहतो. फरक एवढाच, की ही दाटी एका जागी थांबत नाही, उपग्रहाच्या तालावर शनीभोवती फिरते. मुख्य कड्यांपैकी ए कड्यात एका ठिकाणी धोंड्यांच्या पाच फेऱ्या होतात तेवढ्यात मिमास या उपग्रहाच्या तीन. झोक्याला दर खेपेला नेमक्या वेळी धक्का द्यावा तशी मिमासची ओढ साठत जाते आणि आवळून गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखी सर्पिल लाट बाहेरच्या दिशेनं पसरते. थंडीची लाट, साथीची लाट आपण सर्रास म्हणतो, तिथंही काही उसळत नाही. म्हणून माझं मत ‘दाटीची लाट’.

बेंडिंग वेव्हमध्ये मात्र कडं खरोखर वरखाली होतं. मिमासची कक्षा कड्यांच्या पातळीला जराशी कललेली आहे, त्यामुळे त्याची ओढ धोंड्यांना पातळीबाहेर खेचते. जेमतेम दहा मीटर जाडीच्या कड्यात शेकडो मीटर उंचीच्या घड्या पडतात आणि ही लाट आत, शनीकडे सरकते. याला शब्द आपल्या छपरावरच आहे: पन्हळी पत्रा. तक्त्यावर ‘पन्हळी लाट’ लिहा, मुलं लगेच ओळखतील.

आणि एक दुरुस्ती. एक कडं, अनेक कडी. तेव्हा शीर्षकात ‘शनीची कडी’ असू द्या. ‘कड्या’ दाराला असतात.