आजोबांनी बंबखान्याला दिलेली जागा

प्रश्न : माझ्या आजोबांनी १९६४ साली आमच्या पेठेतली सहा गुंठे जागा बंबखान्यासाठी पालिकेला बक्षीसपत्राने दिली. तिथे आजही अग्निशमन केंद्र आहे. २०११ पासून मात्र निम्म्या जागेत पालिकेचं दुसरंच ऑफिस आणि भंगार गाड्या आहेत. आता लहान केंद्रं बंद करून सगळे बंब एका नव्या इमारतीत नेणार आणि आमच्या जागेवर व्यापारी संकुल बांधणार, असं कानावर आलंय. केंद्र इथंच राहावं असं गल्लीला वाटतं आणि मलाही. पण हलवणारच असतील तर जागा आम्हाला परत मिळावी. चुलतभाऊ म्हणतो, सरळ जनहित याचिका टाकू. काय करावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी चुलतभावाला थांबवा.

तुमच्या पत्रात दोन भांडणं एकाच पिशवीत भरली आहेत. केंद्र हलवू नका हे गल्लीचं भांडण झालं, आणि जागा परत द्या हे घराचं. घराचं भांडण उभं राहायला केंद्र हलावं लागतं, गल्लीचं जिंकायचं तर ते हलता कामा नये. जनहित याचिका दाखल करताना, यात माझा वैयक्तिक स्वार्थ नाही, असं शपथेवर सांगावं लागतं. तुम्ही ते सांगाल आणि पालिकेचा वकील पहिल्याच तारखेला १९६४ चं बक्षीसपत्र न्यायमूर्तींपुढे ठेवेल. याचिका तर जाईलच, वर खर्चही बसेल. पेठेतल्या बाकीच्यांनी नंतर खरीखुरी तक्रार नेली तरी तिच्याकडे संशयाने बघितलं जाईल, हे नुकसान वेगळंच.

आता घराचं बघू. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्समधलं वाक्य असं आहे : ‘सदर जागा बंबखाना बांधणेकरिता कायमची बक्षीस दिली असे. सदर जागेचा उपयोग अन्य कामी करू नये.’ तुमचा सगळा भरवसा दुसऱ्या वाक्यावर आहे. माझी नजर पहिल्या वाक्यातल्या ‘कायमची’ या शब्दावर अडकते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ११ सांगतं की मालकी पूर्णपणे देऊन टाकली आणि वर ‘ती अमुकच रीतीने वापरा’ असं बजावलं, तरी घेणारा ते बजावणं नसल्यासारखा वागू शकतो. बक्षीस परत घेण्याची वाट कलम १२६ मध्ये आहे, पण ती अरुंद आहे. देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी ठरावीक घटना घडली की बक्षीस रद्द होईल, हे दोघांनी आधीच कबूल केलेलं असावं लागतं. ‘बंबखाना बंद झाल्यास जागा मला अगर माझे वारसांस परत यावी’ असं एखादं वाक्य असतं तर मी तुमच्या बाजूने बाह्या सरसावल्या असत्या. नुसतं ‘अन्य कामी करू नये’ ही आजोबांची इच्छा झाली. मोडल्यावर काय, हे त्यात लिहिलेलं नाही.

तरी आशा इथंच सोडू नका, कारण तुमच्या झेरॉक्सवर साक्षीदारांच्या सह्याच दिसत नाहीत. म्हणजे शेवटचं पान राहिलंय. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची पूर्ण प्रमाणित नक्कल काढा. पालिकेने हे बक्षीस ज्या ठरावाने स्वीकारलं तो ठरावही मागा, कधीकधी अट तिथे नोंदलेली सापडते. आपली नगरपालिका १९७२ साली महापालिका झाली, तेव्हाची जुनी दप्तरं शोधायला कारकून कंटाळा करतील. चिकाटी ठेवा. नगर भूमापन कार्यालयातून त्या सिटी सर्व्हे नंबरची मिळकत पत्रिकाही घ्या आणि धारकाच्या नावाबरोबर शर्तीचा काही शेरा आहे का ते वाचा. दस्त नोंदवलेलाच नाही असं निघालं तर खूश होऊ नका. साठ वर्षं पालिका तिथे मालक म्हणून बसली आहे, प्रतिकूल कब्जाला, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत उघडपणे मालकासारखं राहून ती आपली करून घ्यायला, बारा पुरतात.

शेवटच्या पानावर परतीची अट निघालीच, तर दुसरी अडचण तुम्हीच पत्रात लिहिली आहे : २०११. अट मोडल्यामुळे जागेचा ताबा मागायचा तर मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६६ प्रमाणे बारा वर्षं मिळतात आणि ती अट मोडल्या दिवसापासून मोजतात. पालिका म्हणणार, निम्म्या जागेत दुसरं ऑफिस आलं तेव्हाच अट मोडली, बारा वर्षं २०२३ मध्ये संपली, इतकी वर्षं वारस झोपले होते काय? यावर उत्तर आहे : बंब तिथेच उभे होते, मूळ उद्देश चालू होता, अट मोडते ती केंद्र पूर्ण हलेल तेव्हा. टिकण्यासारखं आहे, पण हमी मी देणार नाही.

(जागा सक्तीने संपादित झाली असती तर इतकंही बोलायला उरलं नसतं. उद्देश बदलला की जमीन मूळ मालकाला परत, ही आपल्याकडे पारावर फार चालणारी समजूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती अनेकदा खोडून काढली आहे.)

आणि आत्यांना विचारलंत का? पत्रात काका आहेत, चुलतभाऊ आहे, आत्यांचा उल्लेखच नाही. आजोबा १९८१ मध्ये वारले आणि जागा त्यांच्या स्वतःच्या कमाईची होती असं तुम्ही म्हणता. मग मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने मुलींचा हिस्सा मुलांइतकाच. दाव्यात त्या किंवा त्यांची मुलं हवीतच. चुलतभावाने म्हणे बिल्डरही बघून ठेवलाय. बाजारात तुरी!

गल्लीचं भांडण मला जास्त दमदार वाटतं. पण ते तुम्ही नका लढू, पेठेतल्या ज्यांचा त्या सहा गुंठ्यांशी संबंध नाही अशा चारपाच जणांना पुढे करा. त्यांना आधी हे समजावून द्या की केंद्रं एकत्र करणं बेकायदेशीर नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अग्निशमन दल ठेवणं पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, पण केंद्रं किती आणि कुठे हे त्या कलमात नाही. न्यायालय नकाशा घेऊन बंब कुठे लावायचा ते ठरवत नाही. निर्णय घेताना विचार केला का, एवढंच ते तपासतं. म्हणून विचार झाला की नाही, याचे कागद बाहेर काढायचे.

माहिती अधिकारात दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर, दीडशे शब्दांत, एका अर्जात एकच विषय. एकत्रीकरणाचा ठराव आणि त्यामागचा अहवाल मागा, कारण अजून ठरावच नसेल तर तुम्ही वाऱ्याशी भांडताय. दुसऱ्या अर्जात तुमच्या केंद्राचं गेल्या पाच वर्षांचं वर्दीचं, म्हणजे आगीच्या खबरींचं, रजिस्टर मागा : वर्दी किती वाजता आली, बंब किती वाजता पोचला. केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा शहरांसाठीचा निकष साधारण दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र असा आहे. कोल्हापूरचं क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, म्हणजे सहासात केंद्रं. निकष बंधनकारक नाही, पण तो बाजूला का ठेवला याचं उत्तर पालिकेला द्यावं लागेल.

तिसरा अर्ज सगळ्यांत महत्त्वाचा. नवी इमारत निळ्या आणि लाल पूररेषेच्या (नकाशावर मोठ्या आणि त्याहून मोठ्या पुराची हद्द दाखवणाऱ्या रेषांच्या) संदर्भात कुठे येते, आणि पुरात तिथून कोणते रस्ते चालू राहतात? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ आहे. २०२१ मध्ये पुन्हा तेच. व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी असताना एका टोकाचा बंब दुसऱ्या टोकाला कुठून जाणार? बोटीही याच दलाकडे असतात. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळताना ज्यांनी पाहिलं, त्यांना जवळचा बंब म्हणजे काय हे सांगायला नको.

संकुलाचं वेगळं आहे. विकास आराखड्यात ती जागा अग्निशमन केंद्र म्हणून आरक्षित असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करून, त्याला शासनाची मंजुरी घेतल्याशिवाय दुकानगाळे बांधता येत नाहीत. त्या फेरबदलाची जाहीर नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. हरकत पेठेने घ्यावी आणि तुम्हीही घ्यावी, पण वेगवेगळ्या कागदांवर. तुमच्या हरकतीत बक्षीसपत्राचा उल्लेख उघडपणे असू द्या, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पुढे कोर्टात जायची वेळ आलीच तर रस्ते आपोआप वेगळे होतात. तुमचा हक्काचा दावा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, तोही पालिकेला महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ ची एक महिन्याची नोटीस देऊन. पेठेची याचिका सीपीआर रुग्णालयासमोर, मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचकडे. ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत नाही, आम्हा वकिलांच्या कित्येक वर्षांच्या आंदोलनाचा एवढा तरी उपयोग करून घ्या.

आजपासून वर्तमानपत्रातलं जाहीर नोटिसांचं पान रोज वाचत चला. हरकत द्यायला जाल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ‘उद्या देतो’ म्हणाले तर तिथेच बाकड्यावर बसून राहा.