आजीची वेगळी कढई

प्रिय सोने,

नगरला जाऊन चार दिवस झाले नाहीत, तोवर आजीची चूक काढलीस! नाताळच्या करंज्या तिने वेगळ्या कढईत तळल्या, शेजारच्या माळकरी काकूंचं ताट आधी पोचतं केलं आणि मगच मटण चढवलं. केकचा तुकडा तर ताटात ठेवूच दिला नाही, अंडं आहे म्हणून. तू विचारतेस, 'आपण ख्रिस्ती, आपल्याला कशाचा विटाळ नाही, मग हे सोवळं कशाला? लोक काय म्हणतील, हीच ना मराठी भीती?'

सोवळं नाही गं ते. आजीला विटाळ वाटत असता तर मटणाला तिने हात तरी लावला असता का? कढई वेगळी आहे ती काकूंसाठी. काकूंनी आजवर एकदाही विचारलेलं नाही की तेल कुठलं, झारा कुठला. त्या विचारत नाहीत, म्हणून तर आजी जास्त जपते.

ग्रीसमधल्या करिंथ शहरात पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या मंडळीत हाच वाद होता. देवळात मूर्तीला दाखवलेलं मांस तिथे बाजारात विकायला यायचं. काही जण म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, बिनधास्त खा. प्रेषित पौल त्यांना पत्रात म्हणतो, तुमचं बरोबर आहे. पण माझ्या खाण्याने भाऊ अडखळणार असेल तर मी मांसच सोडेन. काकू कुठे मंडळीतल्या, हे तू लगेच काढशील. पण त्याच पत्रात दोन अध्याय पुढे तो यहुदी, हेल्लेणी म्हणजे ग्रीक, सगळ्यांनाच त्यात धरतो.

मग ज्याला जे खुपेल ते सगळं सोडायचं का? तसंही नाही. आपण इंग्लंडमधल्या वाँटेजला गेलो होतो, आठवतं? 1883 मध्ये पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा तिथे झाला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या, आणि तिथल्या मठातल्या सिस्टर्सना त्यात जातीची घमेंड दिसली. धर्माच्या बाबतीतही सिस्टर्स सांगतील ते रमाबाईंनी मुकाट्याने मानावं, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी कळवलं, भटजींचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. पुढे 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा हिंदू विधवांना खाण्यापिण्याचे आपापले आचार पाळू दिले. स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार मात्र लावून घेतलं नाही. सदन पुण्याला आल्यावर मुली त्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या आणि गहजब झाला. 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मला विचारशील तर यात रमाबाईंचं सगळंच बरोबर वाटत नाही. लोकांनी भरवशावर मुली सोपवल्या होत्या. पप्पा म्हणतात, दार लावलं असतं तर त्या रमाबाई कसल्या! यावरून आमची दोनदा तरी जुंपली आहे.

आता माझं ऐक. तू लहान होतीस. एका शनिवारी प्रार्थनेला जमलेल्या मंडळींना मी जेवायला थांबवलं आणि वाइनची बाटली उघडली. त्यातल्या एकाने नुकतीच दारू सोडली होती. मला ते माहीत होतं. मनात म्हटलं, आपण काही त्याला पाजत नाही, आणि घर आपलं आहे. त्याने समोरचा ग्लास पालथा घातला. मग बराच वेळ तो बोटाने टेबलक्लॉथची घडी सरळ करत बसला. वरण-भात अर्धा टाकून 'उद्या कामावर लवकर जायचंय' म्हणत उठला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मला कोणी एका शब्दानेही बोललं नाही, आणि बोलणार तरी काय? मोकळीक होतीच की मला. तो पालथा ग्लास उचलून धुताना आजीची कढई डोळ्यांसमोर आली. लग्नाआधी तिच्या त्या कढईला मीही तुझ्यासारखीच हसले होते.

तुझ्या होस्टेलवर कुणासमोर काय प्यावं नि काय नाही, याची यादी मी देणार नाही. एकोणीस वर्षांची आहेस. 

काकूंचं ताट परत आलं का? त्या रिकामं पाठवत नाहीत, बहुधा शेंगदाण्याची चटणी असेल. माझ्यासाठी थोडी बांधून आण. आजीला सलाम सांग, आणि हो, कढई घासून माळ्यावर तूच ठेव, तिला स्टुलावर चढू देऊ नकोस.

तुझी
आई